बिनपंखांची जोड

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.कॉम.चं सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा बाबांनी त्याला फ्रेम करून घेतली आणि भिंतीवरच्या दोन तसबिरींच्या खाली स्वतः खिळा ठोकून ती लावली. पाहुणा आला की आधी पाणी, मग सर्टिफिकेट. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला त्याचा अभिमान आहे, आणि पुढे जे झालं त्यात त्या सर्टिफिकेटचा काडीचा उपयोग झाला नाही.

शेवटच्या वर्षात बाबांना एकच गोष्ट हवी होती. करी रोडला आमच्या चाळीच्या मागे व्यायामशाळा होती. तिथली ब्राँझची मूर्ती आमच्या खोलीत यावी, आणि ज्यांनी ती यायची तेव्हा येऊ दिली नव्हती त्यांनीच ती आणून द्यावी, एवढंच. फुप्फुसं संपत आली होती. परळच्या हॉस्पिटलने घरी नेऊन ठेवा म्हणून सांगितलं होतं. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं आणि त्या आवाजात बाबा हळूहळू, दम खात बोलायचे. माणूस मरताना काय काय मागतो. बाबांनी ही मूर्ती मागितली.

मूर्ती म्हणजे दीड हात उंचीचे दोन पुरुष, एकमेकांना भिडलेले. एक उंच, कमरेला वस्त्र गुंडाळलेला, शांत चेहऱ्याचा. दुसरा वाकलेला, पहिल्याच्या छातीत डोकं खुपसून त्याच्या कमरेला मिठी मारलेला. उंच माणसाचा एक हात खाली दुसऱ्याच्या मांडीच्या सांध्यावर. कुस्तीत ज्या दोघांची लढत लावतात त्यांना जोड म्हणतात, म्हणून सगळी व्यायामशाळा त्या मूर्तीलाही जोड म्हणायची. ती कुठली, कुणाची, हे कुणाला माहीत नव्हतं. मिलमधला एक मोठा साहेब नोकरी सोडून जाताना आपल्या केबिनमधल्या वस्तू वाटत सुटला, त्यात ही व्यायामशाळेला मिळाली. साहेबाला वाटलं असेल, कुस्ती खेळणारी माणसं आहेत, यांना आवडेल.

आवडलीही. फक्त एक अडचण होती. उंच माणसाला पंख होते. खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत आलेले, पीस न् पीस कोरलेले दोन मोठे पंख.

व्यायामशाळेच्या कमिटीने मूर्ती मधोमध ठेवून विचार केला. पंखवाला पैलवान कुणी बघितलाय? एकजण म्हणाला गरुड असेल. दुसरा म्हणाला ख्रिश्चनांचं काहीतरी दिसतंय, आपल्यात नको. वर्षाच्या कुस्त्यांसाठी बक्षीस म्हणून तर ती सगळ्यांच्या मनात भरली होती. मग ठरलं की पंख काढायचे. आणि काढायचे कुणी, तर मिलच्या मेकॅनिक खात्यात फिटर असलेल्या, त्याच आखाड्यात मेहनत करणाऱ्या माझ्या बाबांनी.

हे बाबा मला फार रंगवून सांगायचे. जेवणाच्या सुट्टीत मूर्ती पोत्यात गुंडाळून खात्यात नेली. शिकंज्यात धरताना पैलवानांना ओरखडा येऊ नये म्हणून आपलाच बनियन मध्ये घातला. हॅक्सॉने पंख उतरवले, मग कानस, मग पॉलिश पेपर, मग जागा काळवंडावी म्हणून जळकं ऑइल चोळून आच दिली. पाठीवर बोट फिरवलं तरी कळू नये की इथे काही होतं. कापलेले पंख भंगाराच्या पेटीत गेले, तिथून भट्टीत. "कुठल्यातरी साच्याचे बुश झाले असतील," बाबा म्हणायचे. मिलमध्ये मागाला साचा म्हणतात. त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही. चांगलं काम केलेला माणूस जसा बोलतो तसे ते बोलायचे.

मग रिवाज पडला. जो वर्षाची शेवटची कुस्ती जिंकेल त्याच्या घरी जोड वर्षभर राहायची. हलगी वाजवत, लेझीम खेळत जोड त्याच्या चाळीत न्यायची, घरच्या बाईने दारात ओवाळायचं, आणि मग वर्षभर शेजारपाजारचे चहाला येऊन बघून जायचे. आमच्या बाजूच्या चाळीतल्या दोन घरांत ती राहून गेली. त्यातल्या एका घरातली म्हातारी तर जोडीवर रोज फडकं मारायची आणि सुनेला हात लावू द्यायची नाही.

आणि मग एका वर्षी बाबा जिंकले.

मी तेव्हा जन्मलेही नव्हते. हे आईचं सांगणं आहे, आणि आईला कुस्तीचं कौतुक कधीच नव्हतं. घरात दूध येतं आणि ते एकटा माणूस पितो, एवढीच तिची कुस्तीशी ओळख. पण त्या दिवशी तिने ट्रंकेवर विणलेला रुमाल अंथरला. खालच्या मजल्यावरून कप आणले. हलगीचा आवाज कधी येतो म्हणून गॅलरीत उभी राहिली. नवीनच लग्न झालेलं होतं. हलगी वाजलीच नाही. बाबा एकटे आले, डोक्याला फेटा, हातात नारळ. जोड नाही. कप तसेच परत गेले, विसळायचीही गरज पडली नाही.

झालं होतं असं, की कुस्त्यांच्या आधी कुणीतरी जोडीला शेंदूर फासला होता. आखाड्यातल्या मारुतीजवळ ती ठेवलेली असायची, तर मारुतीबरोबर तिलाही. मग कमिटीने म्हटलं की आता ती देवाची झाली. यंदापासून जोड कुणाच्याच घरी जाणार नाही, इथेच राहील. नियम सगळ्यांना सारखा. कुणी आमच्या जातीचं नाव काढलं नाही, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. पुढच्या वर्षी संप आला, कुस्त्या बंद पडल्या त्या पडल्याच. म्हणजे सगळ्यांसाठी केलेला नियम आयुष्यात एकाच माणसाला लागू झाला.

"पैलवान होते तोवर मी त्यांना हात लावत होतो, पाठीला कानस लावत होतो," बाबा एकदा म्हणाले होते. "देव झाले आणि माझे राहिले नाहीत."

त्या शेवटच्या कुस्तीत बाबांनी ज्याला ढाक मारून चीत केला, तोच पुढे व्यायामशाळेचा सेक्रेटरी झाला. साताऱ्याकडचा माणूस, मी त्यांना काका म्हणते. आयुष्यभर समोरासमोर राहिले दोघं. रस्त्यात भेटले की बोलायचे, माझ्या लग्नात काका जेवायलाही आले. जोडीचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

मीही ती धड कधी बघितली नव्हती. व्यायामशाळेत बायकांना जायला मनाई. लहानपणी आम्ही पोरं खिडकीच्या गजांतून आत बघायचो तेव्हा मारुतीच्या पायाशी शेंदराचा एक गोळा दिसायचा. कोण उंच, कोण वाकलेला, काही कळायचं नाही. वर्षानुवर्षं थरावर थर चढत गेले. बाबा ज्या पाठीबद्दल एवढं बोलायचे ती कुठे असेल, हे मी त्या गोळ्यात शोधायचे.

मग चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. आधी व्यायामशाळा पाडायची ठरली. मारुतीला वाजतगाजत पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. राहिलेलं सामान काढताना कामगारांना तो गोळा सापडला, त्यांनी तो रॉकेलने धुतला, आणि कुणीतरी फोटो काढून चाळीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, हे काय आहे कुणाला माहीत आहे का.

मी तो फोटो ऑफिसात बघितला. किती वेळ बघत होते सांगता येत नाही. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण, माहीमची ख्रिश्चन, खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "ए, हे तर आमच्या बायबलमधलं आहे."

तिने मला गोष्ट सांगितली. एक माणूस बऱ्याच वर्षांनी आपल्या मुलखात परत निघालेला असतो. रात्री नदीकाठी एकटा पडतो. अंधारात कुणीतरी येऊन त्याला भिडतं आणि दोघांची पहाटेपर्यंत झुंज चालते. कुणीच पडत नाही. शेवटी तो परका याच्या मांडीच्या सांध्याला हात लावतो आणि याचा पाय निखळतो. तरी हा मिठी सोडत नाही. म्हणतो, आशीर्वाद दे, मगच सोडतो. आणि तो परका म्हणजे देवदूत असतो.

"आमच्या चर्चमध्ये काचेवर हे चित्र आहे," ती म्हणाली. मग फोटो बोटांनी मोठा करून बघू लागली. "पण याचे पंख कुठे गेले?"

मी तिला सांगितलं, माझ्या वडिलांनी कापले. ती हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय.

त्या रविवारी मी चाळीत गेले आणि बाबांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितलं. गोष्ट सांगितली तेव्हा एवढे हसले की खोकल्याची उबळ आली आणि आई माझ्यावर डाफरली, "गो बाय, हसवू नको त्यांना, मशीन काय हसायला दिलंय?"

खोकला थांबल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे उंच होता तो देवाकडचा."

"हो."

"आणि जाता जाता मांडीला हात घातला? फाऊल आहे तो. पंच कोण होता?"

पंच कुणीच नव्हता म्हटलं, दोघंच होते.

"वाटलंच." त्यांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "पण दिला ना शेवटी?"

"काय?"

"आशीर्वाद. मागून घेतला, पण दिला ना."

दिला, मी म्हटलं. बाबांनी फोन मला परत केला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, आता व्यायामशाळाच नाही तर देव तरी कसला राहिला. काकांना विचारून बघ. एक वर्ष राहायची होती आपल्याकडे. वर्ष काय आता माझ्याच्याने होत नाही. चार दिवस राहिली तरी चालेल. पण त्यांनी द्यायला पाहिजे, बाय. जिंकलेली आहे ती.

मी त्याच संध्याकाळी गेले. काका साइटच्या बाहेर खुर्ची टाकून बसले होते, अंगावर कमिटीचं जॅकेट. मी सरळ विषय काढला. मला फिरवून बोलता येत नाही. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला माहीत आहे, असल्या गोष्टी कमिटीत ठरतात. मी म्हटलं, कमिटी म्हणजे तुम्हीच ना. ते हसले. मग म्हणाले की बिल्डरच्या माणसांनी फोटो बघितलाय, नव्या टॉवरच्या लॉबीत ठेवायचा विचार आहे, खाली व्यायामशाळेचं नाव कोरणार. जुन्या वस्तूंचा जाणकार येऊन बघणार आहे, अशा मूर्ती जमवणारे लोक असतात म्हणे.

"मग खाली बाबांचंही नाव कोरा," मी म्हटलं.

"बघू," ते म्हणाले.

घरी बाबांना काय सांगायचं हा प्रश्न मला पडला नाही. आहे ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. लॉबी हा शब्द त्यांना माहीत नव्हता. मी समजावलं, खाली शिरल्या शिरल्या मोठी मोकळी खोली असते, सोफे असतात, कुणी राहत नाही. "कुणी राहत नाही तिथे ठेवणार," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

जाणकार आला त्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा काढून गेले. का गेले, आता नीट सांगता येत नाही. कुणीतरी आपलं तिथे असावं असं वाटलं असेल. व्यायामशाळेत मी आयुष्यात पहिल्यांदा शिरले. कुणी अडवलं नाही. अडवायला काही उरलंच नव्हतं. आखाड्यातली तांबडी माती उपसून एका कोपऱ्यात ढीग घातला होता. छपराचे पत्रे उतरवलेले. खिडकी तेवढी होती, गज तेच.

जाणकार गिरगावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातला. त्याने मूर्ती उजेडात धरली, पालथी केली, तळाशी टॉर्च मारला, नखाने खरवडलं. चांगल्या हाताचं काम आहे म्हणाला, परदेशातून आलेलं, जुनं आहे. बिल्डरचा माणूस खूश झाला. मग जाणकाराचा अंगठा उंच माणसाच्या पाठीवरून फिरता फिरता थांबला.

बाबा म्हणायचे, बोट फिरवलं तरी कळणार नाही. त्याला कळलं.

"इधर पंख थे," तो म्हणाला. "किसी ने काट दिए."

मग माझ्याकडे, बिल्डरच्या माणसाकडे, काकांकडे आळीपाळीने बघत त्याने सांगितलं की पंख असते तर गोष्ट वेगळी होती, असलं काम हुडकणारी माणसं दूरदूरहून येतात. आता याला कुणी हात लावणार नाही. वर शेंदूर, रॉकेल. "अभी भंगार समझो, मॅडम."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. पंख कुणी कापले हे त्या तिथे आम्हा दोघांनाच माहीत होतं. आणि कुणी कापायला लावले, हेही.

लॉबीचा विषय तिथेच संपला. बिल्डरच्या माणसाने सांगितलं, त्यापेक्षा कारंजं करू.

नंतर एका दुपारी काकांचा फोन आला. उद्या पाडायला घेतायत, तुमच्या बाबांचं ते काय होतं ते घेऊन जा. मी विचारलं, काका, तुम्ही याल का घरी? फक्त बाबांच्या हातात द्यायची आहे. पाच मिनिटांचं काम. चहासुद्धा घेऊ नका.

"माझे गुडघे कुठे चालतात, पोरी. तिसरा मजला आहे तुमचा. बघू, जमलं तर."

मग मी विचारलं, कमिटीतलं दुसरं कुणी? ते म्हणाले सगळे शिफ्टिंगच्या गडबडीत आहेत. मी म्हटलं, मी दोन दिवस थांबते, तुमच्या सवडीने या. ते म्हणाले, दोन दिवसांनी इथे काही नसेल.

मी गेले तेव्हा जोड साइट ऑफिसच्या जिन्याखाली सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर आडवी पडली होती. वॉचमन म्हणाला, ले जाओ, बोला है साब ने. मागची वाट पत्रे लावून बंद केलेली, एवढं जड घेऊन रस्त्याने वळसा पडणार, म्हणून दोघांनी मिळून ती टॅक्सीत घातली. टॅक्सीवाल्याने विचारलं, कौन से भगवान हैं? मी त्याला चाळीचा रस्ता सांगितला. चाळीपाशी खालच्या मुलांनी हात लावला आणि ती वर आली. कठड्यापाशी उभ्या असलेल्या बायका बाजूला झाल्या, त्यातल्या एकीने सवयीने नमस्कार केला.

आईने ट्रंकेवरची औषधं उचलून जागा केली. रुमाल अंथरायला शोधत होती, मी म्हटलं राहू दे.

बाबांना उठवून बसवलं. त्यांनी हात लांब करून उंच माणसाच्या पाठीवरून फिरवला. डाव्या खांद्याखाली, मग उजव्या. तोंडावर काही दिसलं नाही. मग मला विचारलं, "कोण कोण होतं?"

"कुठे?"

"देताना."

त्या क्षणी मला खोटं बोलता आलं असतं. सगळे होते, काकांचे गुडघे दुखतात म्हणून वर आले नाहीत पण खालपर्यंत आले, तुमचं नाव घेतलं, असं काहीतरी. बरीच शिकलेली माणसं असं सफाईने करतात. मला जमलं नाही. आमच्या घरात एकमेकांशी खोटं बोलायची रीत नाही, आणि बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कुणी नव्हतं, बाबा. जिन्याखाली ठेवलेली होती. वॉचमनने दिली."

"का दिली पण?"

"पंख नाहीत म्हणून कुणाला नको होती."

त्यांनी हात काढून घेतला. आई आत स्टोव्हपाशी उभी राहून ऐकत होती, तिने भांडं खाली ठेवलं नाही की वर उचललं नाही.

"जोड देतात, बाय," बाबा म्हणाले. "ही तू आणलीस."

मग ते आडवे झाले आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, इथेच ठेवू का, समोर दिसेल. त्यांनी हाताने बाहेर असं दाखवलं. मी मूर्ती गॅलरीत पाण्याच्या पिंपाशेजारी नेऊन ठेवली. संध्याकाळी कुणाचं तरी पायपुसणं तिच्यावर वाळत घातलेलं दिसलं. भंगारवाला उचलून नेईल म्हणून आईने ती पुन्हा आत ओढली आणि खाटेखाली ढकलली. बाबांचे शेवटचे दिवस त्या खाटेवर गेले. खाली जोड आहे हे त्यांना माहीत होतं. एकदाही त्यांनी वाकून बघितलं नाही आणि त्या विषयावर माझ्याशी बोलले नाहीत. मी दर रविवारी जायचे तेव्हा बोलणं व्हायचं ते मशीनचं, वीजबिलाचं, नवी इमारत होईपर्यंत राहायच्या ट्रान्झिटच्या खोल्यांचं.

बाबा गेले. फार हाल होऊन गेले. त्याबद्दल लिहीत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम चाळीच्या अंगणात ठेवला. खोलीत माणसं मावली नसती. पांढरा मंडप, टेबलावर दोन तसबिरी, त्यांच्या पुढे बाबांचा फेटा बांधलेला जुना फोटो, मेणबत्त्या. वंदना झाली. मग आदरांजलीची भाषणं सुरू झाली. मिलमधले दोघं बोलले, गावाकडच्या वाडीतले एकजण बोलले. अंगण तळमजल्यालाच असल्यामुळे काकाही आले होते. कमिटीची माणसं बरोबर होती, मोठा हार होता. काका माइकपाशी गेले.

ते चांगलं बोलले, हे कबूल करायला हवं. बाबांची ढाक कशी होती ते सांगितलं, आपण कसे पडलो तेही सांगितलं, लोक हसले. मग म्हणाले, आमच्या व्यायामशाळेची मानाची जोड होती. तिच्यावर यांचा हक्क होता. वास्तू जाण्याआधी व्यायामशाळेने ती सन्मानाने यांच्या घरी पोचवली, डोळे मिटण्याआधी त्यांना ती बघायला मिळाली, हे आम्ही आमचं भाग्य समजतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. असल्या कार्यक्रमात टाळ्या वाजवत नाहीत, तरी वाजवल्या. माझ्या चुलतभावाला काय वाटलं कोण जाणे, धावत वर जाऊन खाटेखालून जोड काढून घेऊन आला आणि टेबलावर बाबांच्या फोटोशेजारी मांडली. कमिटीने आणलेला हार अर्धा फोटोला आणि अर्धा जोडीला घातला.

मी उठले. माइक मागितला नाही, तशीच बोलले. आवाज चढवला नाही. म्हटलं, काका, हे खरं नाही. ती जिन्याखाली गोण्यांवर पडलेली होती. मी टॅक्सीत घालून आणली. मी तुम्हाला पाच मिनिटांसाठी या म्हणून विनवलं होतं, तुम्ही आला नाहीत. बाबांनी ती घेतली नाही.

एवढंच. एकही शब्द जास्तीचा नव्हता. मला वाटलं आता काहीतरी होईल. निदान कुणी खाली बघेल, कुणी विचारेल, कुणी काकांच्या अंगावर जाईल. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर माया होती.

काका माइक तसाच हातात धरून माझ्यापाशी आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं नव्हतं.

"बाप गेलाय तिचा," ते लोकांना म्हणाले. "दुःखात माणूस बोलतो. बोलू दे पोरीला."

एक बाई मला धरून खुर्चीत बसवायला आली, दुसरीने पाणी आणलं. मागून कुणीतरी म्हणालं, शिकलेली आहे पण बापावर जीव होता फार. मी म्हटलं, मी खरं बोलतेय. ती बाई म्हणाली, हो गं, हो, आणि माझी पाठ थोपटत राहिली. सूत्रसंचालन करणाऱ्याने पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

फोटो काढले गेले. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर आले, हार घातलेली जोड, बाबांचा फोटो, बाजूला कमिटी. खाली हात जोडलेली चित्रं ओळीने. आता चाळीत कुणालाही विचारलं तरी तेच सांगतील, की जोड त्यांना मिळाली. बाबांची नातवंडं-पतवंडं तेच ऐकत मोठी होतील. एक माणूस जिंकला आणि त्याला दिलं नाही, ही गोष्ट आम्ही निदान घरात जपून ठेवली होती. आता तीही आमच्याकडे राहिली नाही.

जेवणं उरकल्यावर मंडपवाला सामान गोळा करायला आला. आईने तसबिरी छातीशी धरून वर नेल्या, जाताना मला म्हणाली, ते खाली घे, टेबल त्याचं आहे. मी जोड उचलली. चुरगळलेल्या हारातली फुलं माझ्या हातावर पडत होती. मंडपवाल्याने टेबलाचे पाय दुमडले, ते टेम्पोत टाकलं, मग खुर्च्या, मग सतरंजी. मी अंगणाच्या मधोमध ती धरून उभी होते. जड होती. खोली चार दिवसांत खाली करायची होती, आणि माझ्या घरी ती न्यावी असं मला वाटत नव्हतं.